निळी बस आणि कोयता : एका ऊसतोड तालुक्यातील मानव विकास निधीचे प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला हा तालुका. त्याचे नाव देत नाही. गावांची, शाळांची, पटाची संख्याही देत नाही, कारण त्या भागातला कुणीही संख्येवरून तालुका ओळखेल आणि त्या वेळचे काही अधिकारी अजून सेवेत आहेत. काळ साधारण २०१३ ते २०१६. जिल्हा पातळीवरच्या नियोजनाच्या कामामुळे तालुक्याच्या आढावा बैठकांना मी बसत होतो. पुढचे वर्णन त्या बैठकांचे आणि त्यानंतर गावोगाव जे घडले त्याचे आहे.

जमीन मुरमाड आणि उताराची. खरिपात बाजरी, तूर, कापूस. पाऊस झाला तर झाला. दसरा उरकला की ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर ऊस तोडायला जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परततात. वंजारी वस्त्या, लमाण तांडे, दलित वस्त्या, गावठाणातले अल्पभूधारक, सगळेच कमी-जास्त प्रमाणात या फेऱ्यात आहेत.

राज्याच्या नकाशावर हा पट्टा कुठे बसतो ते पाहू. प्रादेशिक असमतोलाचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीने मागास भागांचा अनुशेष रुपयांत मोजला होता, ३,१८६ कोटी. ते मोजमाप रस्ते, सिंचन, वीजपंप, दवाखाने, शाळाखोल्या यांचे होते. २००२ मध्ये राज्याचा पहिला मानव विकास अहवाल आला आणि हिशोब वस्तूंवरून माणसांवर आला: माणूस किती जगतो, किती शिकतो, किती कमावतो. २०१२ च्या दुसऱ्या अहवालात राज्याचा मानव विकास निर्देशांक ०.७५२ होता. मुंबई ०.८४१ वर, पुणे ०.८१४ वर. तळाला नंदुरबार ०.६०४ आणि गडचिरोली ०.६०८, त्यांच्या थोडे वर वाशीम, हिंगोली, उस्मानाबाद, नांदेड, जालना, लातूर. गडचिरोली ज्या नागपूर विभागात येतो त्याच विभागातला नागपूर जिल्हा ०.७८६ वर होता, म्हणजे ‘विदर्भ मागास’ किंवा ‘विदर्भ पुढारलेला’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खोटी ठरत होती.

याच विचारातून २००६ मध्ये मानव विकास मिशन सुरू झाले. आयुक्तालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. सुरुवातीला सर्वांत खालचे १२ जिल्हे घेतले होते. २०११ मध्ये व्याप्ती वाढून २२ जिल्ह्यांतले १२५ तालुके झाले. निवडीसाठी दोन कसोट्या होत्या: स्त्री साक्षरता आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे प्रमाण. आपला तालुका या यादीत होता. त्यासोबत ठरलेला संच आला. आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी एस.टी.च्या निळ्या बस, जवळच्या मुलींना सायकली, अभ्यासिका, गरोदर आणि स्तनदा मातांची तपासणी शिबिरे, अनुसूचित जाती-जमातींतल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर स्त्रियांना ४,००० रुपये बुडीत मजुरी. शिवाय तालुक्याने आपल्या गरजेनुसार आखायच्या योजनांसाठी वेगळा निधी. या शेवटच्या निधीचे काय करायचे, यावरून हे प्रकरण सुरू झाले.

अडचण काय होती

पहिल्या आढाव्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मांडलेले चित्र चांगले होते. बस सुरू झाल्यापासून आठवीतला मुलींचा पट वाढला होता, आणि ते खरेही होते. वाड्या-वस्त्यांवरून सात-आठ किलोमीटर चालत येणे सुटले होते. त्यांची मागणी साधी होती: आणखी फेऱ्या द्या.

आगार व्यवस्थापक गप्प बसले होते. विचारल्यावर म्हणाले, “साहेब, दिवाळीनंतर दोन मार्गांवर गाडी रिकामी येते. वाहकांनी लिहून दिलंय. डिझेलचं बिल मिशन देतंय म्हणून चालवतोय.”

खोलीतल्या कुठल्याच अहवालात ही गोष्ट नव्हती. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. शाळेची अधिकृत आकडेवारी, म्हणजे यू-डायसची माहिती, तेव्हा ३० सप्टेंबर या तारखेची असे. त्या दिवशी मुले वर्गातच असत. ती जातात दसऱ्यानंतर. उलट जनगणना फेब्रुवारीत होते. २००१ ची आणि २०११ ची, दोन्ही वेळा ९ ते २८ फेब्रुवारी. त्या काळात ही कुटुंबे फडांवर असतात, आणि गणनेच्या संपूर्ण काळात बाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो. शाळेच्या कागदावर तालुका भरलेला होता आणि जनगणनेच्या कागदावर अर्धवट रिकामा. ज्या स्त्री साक्षरतेवरून १२५ तालुके निवडले गेले, त्या आकड्यात इथल्या कितीतरी निरक्षर बाया कुठल्यातरी साखरपट्ट्यातल्या तालुक्याच्या नावावर गेलेल्या असणार. यादीत येण्यासाठी हा तालुका प्रत्यक्षात होता त्यापेक्षा थोडा बरा दिसत होता, हे ऐकून तहसीलदार हसले. बाकी कुणाला हसू आले नाही.

दुसरी कसोटी दारिद्र्याची. ती २००२ च्या सर्वेक्षणावरून आली होती. त्यात १३ प्रश्न होते, प्रत्येकाला ० ते ४ गुण. कुटुंब स्थलांतर करते का आणि कशासाठी, कर्ज कुणाकडून घेतले, मुले शाळेत जातात की काम करतात, हे तिन्ही प्रश्न त्या तक्त्यात होते. म्हणजे सरकारने विचारले होते, लोकांनी सांगितलेही होते. पण नंतर सगळ्याची बेरीज झाली, बेरजेवरून ‘खाली’ की ‘वर’ एवढेच उरले आणि मुळातले उत्तर कुणी पुन्हा उघडून पाहिले नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ‘जिथे मानव विकास कमी तिथे गरिबी जास्त’ हे वाक्य बैठकीत वारंवार येत होते आणि आजही येते. जिल्ह्यांचे तक्ते शेजारी ठेवले तर ते बरोबरच दिसते. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य अहवालात, २०१५-१६ च्या पाहणीवरून, राज्यातले १४.८५ टक्के लोक गरीब ठरले आणि नंदुरबारमधले ५२.१२ टक्के. निर्देशांकात सर्वांत खाली असलेला जिल्हा गरिबीत सर्वांत वर. पण हे दारिद्र्य मोजताना पोषण, बालमृत्यू, शाळेतली हजेरी, शिक्षणाची वर्षे आणि घरातल्या सोयी हेच धरलेले असते; उत्पन्न त्यात नसतेच. दोन्ही मापे बऱ्याच अंशी एकच गोष्ट मोजत असतील तर ती जुळणारच. त्यातून कारण कळत नाही. तालुक्याच्या टेबलावर बसलेल्या माणसाला तर कारणच हवे असते, कारण पैसे कशावर लावायचे हे त्यावरून ठरते.

बैठकीला वळण देणारी तुलना

बालविकास प्रकल्प अधिकारी बाई मूळच्या सिंधुदुर्गच्या. दुसऱ्या बैठकीत त्या म्हणाल्या, “स्थलांतर वाईट, स्थलांतर वाईट असं आपण धरून चाललोय. आमच्याकडेही घराघरातून माणसं मुंबईला गेली. पण एकटी गेली. बायको-पोरं गावात राहिली, मनिऑर्डर येत राहिली, पोरं शाळेत गेली.”

मुद्दा नेमका होता. सिंधुदुर्गात मोठे कारखाने नाहीत, सिंचनही फार नाही, तरी २०१२ च्या अहवालात तो जिल्हा राज्याच्या सरासरीच्या आसपास उभा होता. चाकरमान्याचे घर गावात मागे राहिले, म्हणून शाळा, दवाखाना, मतदान, रेशन सगळे चालू राहिले. इथे तसे होऊ शकत नाही, कारण ऊसतोडीत मजुरीचा घटकच जोडपे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल कमी आणि मागणीही कमी. आई फडावर जाणारच, मग तान्हे मूल जाणार, आणि तान्ह्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची मोठी बहीणही जाणार.

मानव विकासाच्या योजना गावाला बांधलेल्या असतात. इथली गरिबी मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वर्षातले पाच-सहा महिने गाव सोडते. बस कितीही वेळेवर आली तरी ती फडावरच्या कोपीपर्यंत, म्हणजे मजुरांच्या झोपडीपर्यंत, जात नाही.

आरोग्याचेही तेच. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलेले उदाहरण: सहाव्या महिन्यात शिबिरात नोंदलेली बाई नवव्या महिन्यात सांगली जिल्ह्यात. बुडीत मजुरीचा २,००० रुपयांचा पहिला हप्ता नवव्या महिन्यात, तोही गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून. जिची मजुरी सर्वांत जास्त बुडते, तिलाच तो मिळत नव्हता. फडावर एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो, म्हणून बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत मोळ्या वाहणाऱ्या बाया आहेत. ही गोष्ट त्या पट्ट्यात कुणाला नवीन नाही.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय लोकांना जाऊच लागू नये असे काम गावात देण्याचा. गटविकास अधिकाऱ्यांचा याला जोर होता, आणि कागदावर तो सर्वांत सरळ दिसतो. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानेच १९७७ मध्ये देशात सर्वांत आधी केला. २०१३-१४ मध्ये रोहयोची मजुरी दिवसाला १६२ रुपये होती. दोघांची धरली तर ३२४. नुसत्या रोजाची तुलना केली तर फडावरची कमाई फार वरची वाटत नाही. पण एका ग्रामसेवकाने हिशोब उलटा मांडला: रोहयोचा पैसा काम झाल्यावर येतो, तोही मस्टर बंद होऊन, मोजमाप होऊन, खात्यावर; मुकादमाचा पैसा काम सुरू होण्याआधी दोन महिने हातात पडतो. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत मिळणाऱ्या त्या एकरकमी उचलीतून आधीचे कर्ज, आजारपण, लग्न, घराचे पत्रे भागतात. १६२ रुपयांचा रोज या उचलीची जागा घेऊ शकत नव्हता. त्या वर्षी तर २०१२-१३ च्या दुष्काळाने घरातले आधीच संपवलेले होते.

दुसरा पर्याय साखरशाळांचा, म्हणजे कारखान्यावर ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी भरणाऱ्या शाळांचा. तिथे मुले आई-बापांसोबत राहतात ही त्यांची जमेची बाजू. पण शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करण्यावर भर आला. शिवाय साखरशाळा चालवायच्या दुसऱ्या जिल्ह्यात, आणि आपल्या तालुक्याचा निधी तिकडे खर्च करता येत नाही. हा पर्याय दहा मिनिटांत बाजूला पडला. तो इतक्या चटकन बाजूला पडायला नको होता असे मला वाटते, त्याबद्दल पुढे.

तिसरा, शेळी गट आणि शिलाई यंत्रे. वाटायला सोपे, फोटो चांगले येतात. हंगामाला जाणारे घर शेळ्या दसऱ्याआधी विकते किंवा म्हाताऱ्यांच्या गळ्यात घालते. यावर फार बोलणे झाले नाही, पण निधीचा एक तुकडा इकडे गेलाच, कारण काही सदस्यांना ते हवे होते.

चौथा पर्याय हंगामी वसतिगृहांचा: आई-बाप जातील, मूल गावात राहील, शाळा व्यवस्थापन समिती सकाळ-संध्याकाळचे जेवण करील. योजना सर्व शिक्षा अभियानात आधीपासून होती. प्रश्न होता ती वेळेवर आणि मुलींसाठी चालेल का, हा.

पहिला हंगाम : निर्णय आणि कृती

तालुक्याने चौथा पर्याय मुख्य धरला, बस तशाच ठेवल्या आणि मिशनच्या त्या वेगळ्या निधीचा काही भाग वसतिगृहांच्या भांडी, पांघरुणे, दिव्यांसाठी लावला. प्रस्ताव सप्टेंबरच्या अखेरीस गेला. मान्यता येऊन निधी प्रणालीवर दिसेपर्यंत डिसेंबर उजाडला. सरकारचे वर्ष एप्रिल ते मार्च आणि कोयत्याचे वर्ष दसरा ते पाडवा. या दोन वर्षांची गाठ कुठेच पडत नव्हती. ऑक्टोबरात आई-बाप ट्रॉलीत सामान टाकत असताना मुख्याध्यापकाकडे सांगायला एवढेच होते, की ‘वसतिगृह होणार आहे’. त्या भरवशावर कोण लेकरू मागे ठेवील?

तरी काही गावांत ते सुरू झाले. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी गावातल्या किराणा दुकानातून दोन महिन्यांचे सामान उधारीवर उचलले. बिल त्यांच्या नावावर होते. सरकारी योजना दोन महिने दुकानदाराच्या उचलीवर चालली, असे त्यांनीच नंतर सांगितले.

हंगाम मध्यावर आला तेव्हा वसतिगृहांच्या हजेरीत जवळजवळ सगळे मुलगेच होते. तिसरी-चौथीच्या थोड्या मुली. सहावीच्या पुढची मुलगी विरळा. बैठकीत यावर पहिली प्रतिक्रिया ‘पालकांमध्ये जागृती नाही’ अशी आली. गटविकास अधिकारी मॅडमनी ती नोंदवून घेतली नाही, हे त्यांचे मोठेपण. त्या स्वतः एका तांड्यावर जाऊन आल्या. तिथल्या एका आजीने त्यांना सांगितले, “जेवणाचं नका सांगू बाई, भाकर मी घालते. शाळंत रातीला पोरगी कुणाच्या भरवशावर झोपवू? उद्या काही झालं तर तिच्या बापाला काय तोंड दाखवू?”

वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची भीती, सोबत न्यावी तर फडावरची उघडी कोपी, म्हणून तिचे लग्न लावून मोकळे व्हायचे. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि त्याला उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघाले. बीड जिल्ह्यात ४३.७ आणि परभणीत ४८. आकडे नंतरचे आहेत, पण ती आजी त्यांच्याबद्दलच बोलत होती.

दुसरा हंगाम : काय बदलले

दुसऱ्या वर्षी तीन गोष्टी वेगळ्या केल्या.

प्रस्ताव जुलैमध्ये पाठवला. त्यासाठी कोण जाणार याची यादी आधी हवी होती, आणि इथे एक खराखुरा पेच आला. सर्वांत पूर्ण यादी मुकादमांकडे होती: कुठल्या टोळीत कुणाचा कोयता, किती उचल, कुठला कारखाना. एका विस्तार अधिकाऱ्यांनी सुचवले की त्यांच्याकडूनच यादी घ्यावी. विरोध असा झाला की सरकारने मुकादमाच्या वहीला मान्यता दिली तर उद्या वसतिगृहात कुणाचे मूल घ्यायचे हेही तोच ठरवील. शेवटी अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि ग्रामसेवक यांनी घरोघर यादी केली आणि मुकादमाला फक्त गेल्याची तारीख विचारायची असे ठरले. यादी थोडी अपुरी राहिली, पण माझ्या मते निर्णय बरोबर होता.

दुसरे, मुलींसाठी रात्रीचा मुक्काम शाळेतून काढला. आजी-आजोबा, मावशी, चुलती यांच्या घरी राहणाऱ्या मुलीचे दोन्ही वेळचे जेवण शाळेत; ज्यांचे गावात कुणी नाही त्यांच्यासाठी बचतगटातल्या एका विश्वासाच्या बाईच्या घरी चार-पाच मुलींची सोय. नियमाच्या चौकटीत हे बसवायला गटशिक्षणाधिकाऱ्यांना बरीच टिपणे लिहावी लागली.

तिसरे बसचे. दिवाळीनंतर रिकाम्या धावणाऱ्या दोन मार्गांच्या फेऱ्या कमी करून गाडी अशा तांड्यांकडे वळवली जिथे आजीकडे राहणाऱ्या मुली होत्या. वाहकांची डायरी आता दर महिन्याच्या आढाव्यात मागवली जाऊ लागली. तालुक्यातली सर्वांत खरी हजेरी तीच होती.

आरोग्य विभागाने तपासणी शिबिरे सप्टेंबरात आणली, जाणाऱ्या गरोदर बायांच्या कार्डावर कारखान्याचे नाव लिहिले आणि शक्य तिथे तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन केले. बुडीत मजुरीचा हप्ता बाई असेल तिथे मिळावा, यासाठी वर पत्र गेले. तालुक्याच्या अधिकारात तेवढेच होते. मी तिथे असेपर्यंत त्यावर काही हलले नाही.

काय निष्पन्न झाले

लहान मुलांचे ठीक झाले. तिसरी ते सातवीतली मुले, त्यात मुलीही, दुसऱ्या हंगामात मोठ्या प्रमाणावर गावात राहिली आणि एप्रिलच्या परीक्षेला बसली. आजीकडे राहण्याची पद्धत लोकांना पटली, कारण ती त्यांचीच होती. शाळेने फक्त जेवणाचा भार उचलला.

आठवी ते दहावीच्या मुलींचे चित्र संमिश्र राहिले. बस वळवलेल्या तांड्यांवर फरक दिसला. इतरत्र अक्षय्य तृतीयेच्या आसपास लग्ने होतच राहिली.

आणि एक गट जवळजवळ तसाच राहिला: ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घरातली मोठी मुलगी. यादीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा असे. घरोघर विचारल्यावर उत्तर तेच आले. आई फडात मोळी बांधत असताना कोपीत बाळाजवळ कुणीतरी लागते. वसतिगृह, बस, सायकल, जेवण, यांतले काहीही त्या बाळाची सोय करीत नव्हते. या मुलीला वर्गात ठेवायचे तर तीनशे किलोमीटरवर, फडाजवळ, पाळणाघर हवे होते.

घरांच्या उत्पन्नात फरक पडला नाही, आणि या उपायांनी तो पडावा अशी अपेक्षाही चुकीची होती. २०१५ चा पाऊसही गेला. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या साली गाव सोडणारी घरे वाढली. इथे मला एक गोष्ट ठळक दिसली. उत्पन्न न वाढताही शाळेचे दिवस वाढू शकतात, निदान लहान वयात. पण मूल जसजसे मोठे होत जाते, विशेषतः मुलगी, तसतशी उचल तिच्यापर्यंत पोचते, आणि मग नुसत्या सेवा वाढवून भागत नाही.

वेगळे काय करता आले असते

साखरशाळेचा पर्याय दहा मिनिटांत सोडला, तेव्हा त्याबरोबर एक मोठा प्रश्नही सुटला: जिथे माणसे जातात त्या तालुक्याशी बोलायचे का? मुकादमांमुळे कुठल्या टोळ्या कुठल्या कारखान्यावर जातात हे गावात सर्वांना माहीत असते. तालुक्यातल्या बऱ्याचशा टोळ्या मोजक्याच कारखान्यांकडे जात होत्या. दोन्हीकडच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची एक बैठक झाली असती तर निदान एका कारखान्याच्या फडांजवळ हंगामी अंगणवाडी करून पाहता आली असती. सिंधुदुर्गच्या बाईंनी हे सुचवले होते. ‘तो आपल्या कार्यक्षेत्राबाहेरचा विषय’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवला गेला. शेरा नियमाप्रमाणे होता.

यादी करताना ‘कुटुंब जाणार का’ याऐवजी ‘घरात तान्हे मूल आहे का, त्याला कोण सांभाळणार’ हा प्रश्न पहिला हवा होता. त्या एका उत्तरावरून कुठली मुलगी गळणार हे सप्टेंबरातच कळले असते.

शेळ्या आणि यंत्रांवरचा तुकडा उचलीच्या दिशेने वळवता आला असता का, हा मला अजून पडणारा प्रश्न आहे. बचतगटांमार्फत ऑगस्टमध्ये छोटे कर्ज मिळाले असते तर काही घरांनी निदान एका माणसाचे जाणे टाळले असते. अडचण अशी की जोडप्यातला एक थांबला तर दुसऱ्याचा अर्धा कोयता होतो. घराला निम्मे नव्हे, त्याहून कमी मिळते. त्यामुळे छोट्या रकमेने हे साधले असते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तोडणीच्या दराचा प्रश्न तालुक्याच्या हातात नसतोच. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात ३४ टक्के दरवाढीचा करार झाला. कोयता हा घटक मात्र त्यानेही बदललेला नाही.

यानंतर राज्याने काही गोष्टी केल्या. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना जाहीर झाली, त्यांतली निम्मी मुलींसाठी. रात्रीच्या सुरक्षेबद्दल त्या आजीने विचारलेल्या प्रश्नाला हे सरकारी उत्तर आहे, आणि प्रत्येक वसतिगृहात अधीक्षिका असेल का, तांड्यापासून ते किती लांब असेल, यावर मुली तिथे राहतील की नाही हे ठरेल. रेशन आता दुसरीकडे उचलता येते. २०२१ मध्येच सुरू झालेल्या पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे वर्ग करण्याची सोय आहे.

तान्ह्या बाळाचे नाव कागदावर फडाजवळच्या अंगणवाडीत पोचू शकते, इथवर आपण आलो आहोत. त्या अंगणवाडीत हंगामापुरती वाढीव मदतनीस कुणी द्यायची, पहाटे चारला आई फडात जाते तेव्हा दार कोण उघडणार आणि खर्च कारखान्याने करायचा की महिला व बालविकास विभागाने, हे साखर आयुक्तालय, तो विभाग आणि दोन्ही जिल्हा परिषदा यांनी एकत्र बसून ठरवायचे आहे. ती बैठक जुलैत व्हावी लागेल. पोळ्यानंतर उचल वाटली जाते, आणि त्यानंतर कुठल्या घरातून कोण जाणार हे ठरून गेलेले असते.